केळीच्या बागेतला वाघ

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर 'वन्यजीव तज्ज्ञ' असं छापलेलं होतं आणि त्याच्या खाली, जरा बारीक अक्षरात, 'अकरा महिन्यांकरिता'. म्हणजे अकरा महिने मी तज्ज्ञ, मग एक दिवस सर्वसामान्य नागरिक, आणि दुसऱ्या दिवशी नवं पत्र आलं की पुन्हा तज्ज्ञ. धुळ्याला आमच्या गल्लीत आईने मात्र मुलगी फॉरेस्टात मोठी अधिकारी झाली असं सांगून ठेवलं होतं. मोठी अधिकारी यावलला एका भाड्याच्या खोलीत राहायची आणि सकाळी स्टोव्हवर पोहे करून जीपची वाट बघायची.

अभयारण्य सातपुड्यातलं. नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण तिथे वाघ नव्हता. अस्वलं होती, बिबटे होते, तरस, भेकर, चौशिंगा, साळिंदर होतं. पण आपल्याकडे जंगलाची किंमत वाघावर ठरते, जशी लग्नाची किंमत जेवणावर ठरते. बाकीचं सगळं कितीही नीट झालं तरी लोक तेवढंच विचारतात. मी उन्हाळ्याआधी पाणवठे साफ करून घ्यायचे, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढून घ्यायचे, झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो बघत डोळे लाल करायचे. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या कोणाला अस्वलाने फाडलं, तर त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात पोचवायचं कामही तज्ज्ञाचंच होतं. ह्यातलं काहीही बातमीत येत नाही.

आमचे साहेब जळगावला बसायचे. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली विदर्भातल्या कुठल्याशा वाघिणीचा फोटो होता, दुसऱ्यांच्या हुशार मुलीचा ठेवावा तसा. मी महिन्याचा अहवाल घेऊन गेले की ते तो चाळायचे, अस्वलांच्या पानावर जांभई द्यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, एक वाघ असता ना आपल्याकडे..." पुढचं वाक्य ते कधीच पूर्ण करत नसत. पण त्या वाक्यात नवीन गाड्या होत्या, पर्यटकांसाठी तंबू होते, आणि बहुतेक त्यांची बढतीही होती.

ही गोष्ट होळी होऊन गेल्यानंतरची. उन्हं तापायला लागली होती, डोंगरात मोह गळत होता. सकाळी मी ऑफिसात पोचते न पोचते तोच पायथ्याच्या एका गावातून फोन आला. केळीच्या बागेत बिबट्याची पिल्लं सापडली होती.

जीप चालवायला आमचे नाना होते. निवृत्तीला आलेले, कुठल्याही बातमीने न हलणारे. मी म्हटलं, "नाना, लवकर चला, लोक जमतील." नाना आरशात बघून टोपी सारखी करत म्हणाले, "जमले असतील. आता निवांतच जाऊ."

नाना बरोबर होते. बागेच्या तोंडाशी मोटारसायकलींची अशी दाटी होती की एखाद्याच्या लग्नाला आल्यासारखं वाटावं. केळीच्या दोन ओळींमधून आम्ही वाट काढत आत गेलो. बाग एका आबांची होती. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पायात रबरी चप्पल, आणि चेहऱ्यावर घरी पाहुणे आल्यावर येते तसली लगबग. त्यांच्या बागेत वाळकी पानं काढायला डोंगरातल्या वाडीवरून बायका आल्या होत्या. बांधाच्या कडेला पानांचा जुना ढीग होता. तो उचलायला एक अक्का वाकली, तेव्हा आतून काहीतरी फिस्कारलं आणि तिच्या पायाजवळून उडी मारून केळीत पळालं. मागे राहिली तीन पिल्लं. ती लोकांनी उचलून घड वाहायच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली होती आणि वरून गोणपाट टाकलं होतं. गोणपाट दर मिनिटाला कोणीतरी उचलत होतं, कारण पिल्लांना सेल्फीत घ्यायचं तर उजेड लागतो.

मी क्रेटजवळ उकिडवी बसले. तीन मातकट गोळे एकमेकांत डोकं खुपसून थरथरत होते. नुकते कुठे डोळे उघडलेले. एकाला हळूच उचललं. शेपूट आखूड, टोकाकडे काळी वळी. कानांच्या टोकांना काळ्या केसांची अगदी बारीक शेंडी. अंगावर ठिपक्यांचा पत्ता नाही. त्याने माझ्या अंगठ्याकडे बघून तोंड उघडलं आणि एवढ्याशा जीवाच्या मानाने फारच मोठा राग व्यक्त केला.

मी उभी राहिले. सगळे गप्प झाले. इतक्या शांततेत माझं बोलणं त्याआधी कधी कोणी ऐकलं नव्हतं.

"ही बिबट्याची पिल्लं नाहीत," मी म्हटलं. "रानमांजराची आहेत. आई इथेच जवळपास असेल. ढीग होता तिथे परत ठेवू आणि सगळ्यांनी लांब जाऊ. संध्याकाळपर्यंत ती घेऊन जाईल."

शांतता तशीच राहिली, पण तिचा रंग बदलला. परीक्षेत पहिला आला म्हणून पेढे वाटावेत आणि मग कोणीतरी येऊन सांगावं की नंबर दुसऱ्याचा होता, तसे लोक माझ्याकडे बघत होते.

आबा पुढे झाले. "ताई, मले एक सांगा. मांजर हाये, तं मंग एवढी मान्सं कायले जमली?"

ह्या प्रश्नाला प्राणिशास्त्रात उत्तर नाही. मी गोंधळून म्हटलं, "आबा, बिबट्या समजून जमली."

"तेच म्हनतो ना मी. एवढी मान्सं चुकतीन का?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, ठिपके मागून येतात. दुसऱ्याने मान्य केलं, माणसालाही दाढी मागूनच येते. मी समजावून सांगत होते की बिबट्याचं पिल्लू जन्मतःच ठिपक्यांचं असतं, तेवढ्यात एका मोबाइलवाल्याने फोटो मोठा करून बघितला आणि ओरडला, "अरे, ठिपके कसे दिसतील? पट्टे आहेत!"

पट्टे होते. रानमांजराच्या पिल्लांना लहानपणी फिकट पट्टे असतात, मोठेपणी ते जातात. हे वाक्य मी पूर्ण केलं खरं, पण ते ऐकायला फक्त नाना उरले होते. बाकी सगळी बाग एकाच शब्दाने भरून गेली होती. वाघ. मी बिबट्या नाकारला होता, आणि त्या बदल्यात लोकांनी स्वतःला वाघ देऊन टाकला होता.

अक्काला आता बांधावर बसवून पाणी दिलं होतं. ती प्रत्यक्षदर्शी होती. मी आले तेव्हा ती सांगत होती की जनावर गुडघ्याएवढं होतं. मी क्रेटजवळून उठेपर्यंत ते कमरेला लागलं. जळगावहून कॅमेरावाला पत्रकार येईपर्यंत ते तिच्या खांद्यापर्यंत पोचलं होतं आणि त्याचे "डोये असे, निखाऱ्यावानी" झाले होते. मला तिचा राग येईना. जन्मभर तिने पानं उचलली, घड वाहिले, सरपणाच्या मोळ्या आणल्या. तिला कोणी कधी विचारलं नव्हतं की तुला काय दिसलं. आज विचारत होते, तर ती मांजर कशाला सांगेल?

मी साहेबांना फोन लावला. पलीकडून ते ओरडलेच, "मला कळलं! मी निघालोय. मॅडम, मी येईपर्यंत काहीही करू नका."

ही आमच्या खात्यातली सर्वात मनापासून पाळली जाणारी सूचना आहे.

दुपारी साहेब आले. एकटे नाही, त्या भागातल्या भाऊंना घेऊन आले. भाऊ म्हणजे सगळ्यांचे भाऊ. निवडणुकीत उभे राहणारे, पडणारे, पुन्हा उभे राहणारे. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागे चारपाच पांढरी माणसं. भाऊंनी उतरल्या उतरल्या अक्काला शाल पांघरली. भर उन्हात ती शालीत घामाघूम झाली, पण काढेना. मग भाऊंनी क्रेटवर हात ठेवून भाषण केलं. आपल्या मातीत वाघ परत आला आहे, आता हॉटेलं येतील, रस्ते येतील, परदेशातली माणसं येऊन आपलं वरण-बट्टी खातील. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. क्रेटमधलं एक पिल्लू टाळी पडली की दचकायचं.

मी साहेबांना बाजूला, पाण्याच्या मोटरीजवळ नेलं. "सर, रानमांजर आहे. तुम्ही स्वतः बघा."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मला दिसतंय की. मी काय आंधळा आहे?"

मला हायसं वाटलं. "मग आत्ता परत ठेवू या. जितका उशीर होईल तितकी आई लांब जाईल."

"मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर आहे," ते म्हणाले. आमच्याकडे हे वाक्य आलं की समजायचं, आता शास्त्राला बाहेर बसवणार. "पण घाई कशाला? मी कुठे वाघ म्हणतोय? मी एवढंच म्हणणार की शक्यता नाकारता येत नाही. नमुना तपासायला पाठवू. निकाल यायला वेळ लागतो. तोवर वरून कोणी विचारलं, तर आपल्या अभयारण्याचं नाव तर होईल."

"आणि पिल्लं?"

"निरीक्षणाखाली ठेवू. विश्रामगृहात. पंखा आहे तिथे."

मी भांडले. जमेल तितक्या मोठ्या आवाजात, अकरा महिन्यांच्या नोकरीला परवडेल तितकं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नानांना क्रेट जीपमध्ये ठेवायला सांगितलं. नाना कधी नव्हे ते जागचे हलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. शेवटी भाऊंच्या पांढऱ्या माणसांनी क्रेट उचलला आणि भाऊंच्या गाडीत ठेवला. वाघ जीपमध्ये कशाला बसेल!

विश्रामगृहावर संध्याकाळपर्यंत जत्रा होती. जेवणात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी होती, भाऊंच्या घरून आलेली. पिल्लांसाठीही भाऊंच्याच गोठ्यातलं दूध आलं होतं, बाळाच्या बाटलीसकट. मी म्हटलं, गाईचं दूध ह्यांना सोसत नाही, पोट बिघडेल. मी साखर-मिठाचं पाणी कापसाने द्यायला बसले होते आणि यावलच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन करत होते. ते दुसऱ्या तालुक्यात शिबिराला गेलेले. मी रेंज मिळावी म्हणून अंगणात गेले आणि परत आले, तर भाऊ एका पिल्लाला मांडीवर घेऊन बाटली पाजत होते आणि समोर तीन मोबाइल ते टिपत होते. तो व्हिडिओ नंतर खूप चालला. त्याला मागे बासरी लावली होती.

"भाऊ, नका पाजू," मी म्हटलं.

भाऊ प्रेमाने हसले. "ताई, तुम्ही पुस्तकं वाचलीत. आम्ही घरात गाई पाळल्यात."

त्या रात्री धुळ्याहून आईचा फोन आला. घरी बोलताना आम्ही अहिराणीच बोलतो.

"काय वं, तुमना जंगलमा वाघ सापडना म्हने? बठ्ठी गल्ली माले इचारी राहिनी."

"वाघ नही शे वं आई. रानमांजर शे."

आईने मागे चाललेला टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मांजर? मांजर तं आपला घर बी येस. त्यानाकरता इतलं शिकनी का तू?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी म्हटलं, "आई, मी दमनू." तेव्हा ती लगेच विरघळली, तू जेवनी का, असं विचारलं. पण फोन ठेवताना तिने सांगितलंच की शेजारच्या मावशीला ती आताच मांजराचं सांगणार नाही. दोन दिवस जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी आबांच्या बागेत गेले, मांजरीचा काही माग लागतो का बघायला. बाग ओळखू येत नव्हती. वाघाची जागा बघायला जळगाव-भुसावळहून लोक आले होते, मोटारसायकली थेट ओळींमधून घातल्या होत्या. ठिबकच्या नळ्या चिरडून जागोजागी कारंजी उडत होती. केळीच्या बुंध्यांशी फुटलेली कोवळी पिलं, म्हणजे नवे कोंब, पायांखाली मोडून पडले होते. बांधावर एकाने वडापावची गाडी लावली होती, आणि जाणारा प्रत्येक जण आठवण म्हणून केळीची फणी तोडून नेत होता. कालच्या मानाच्या शेतमालकाकडे आज कोणी बघतही नव्हतं. आबा सदऱ्याच्या बाह्या वर करून एका फुटलेल्या नळीला हाताने दाबून बसले होते.

मला बघून त्यांनी हाक मारली. "ताई! ते मांजरच हाये ना?"

"कालच सांगितलं की आबा."

"मंग जरा मोठ्यानं सांगा ना माय!" असं म्हणत त्यांनी नळी सोडली, तशी पिचकारी आम्हा दोघांवर उडाली.

पण वाघाला खरा धक्का आबांनी दिला नाही, तो एका अफवेने दिला. त्या सकाळी गावोगावच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता. वाघ सापडला की आसपासची सगळी शेती जंगलात जाते. बोअर बंद, रात्री मोटर चालवायला बंदी, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला तरी गुन्हा. हे कोणी लिहिलं कोण जाणे; त्यात खरं काय, खोटं काय, हे विचारायला कोणी माझ्याकडे आलं नाही. कालची गर्दी वाघ बघायला जमली होती, आजची वाघ काढून टाकायला जमू लागली.

दुपारी विश्रामगृहाच्या फाटकावर मोर्चा आला. सगळ्यात पुढे भाऊ होते. तेच कपडे, तीच गाडी, फक्त चेहरा दुःखी. "शेतकऱ्यावर वाघ लादणाऱ्यांचा..." असं ते म्हणायचे आणि मागून लोक "धिक्कार असो!" म्हणायचे. शाल पांघरलेली अक्काही मोर्चात होती. कॅमेरेवाल्याने तिला गाठलं तेव्हा ती म्हणाली, अंधार होता, नीट दिसलं नाही. सकाळी दहाच्या उन्हात तिला अंधार दिसला होता.

साहेब मला शोधत मागच्या खोलीत आले. मी तिथे जमिनीवर क्रेटशेजारी बसले होते. रात्रभर एका पिल्लाला जुलाब होत होते, तेच ज्याला भाऊंनी मांडीवर घेतलं होतं. पहाटेपासून ते मान धरत नव्हतं. डॉक्टर अखेर सकाळी आले होते, सुई दिली होती आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले होते की आईजवळ असतं तर बरं झालं असतं. मोर्चाच्या घोषणा चालू असताना कधीतरी ते गेलं. मला नेमकं कळलंही नाही. मी त्याला रुमालात धरून होते, आणि रुमाल एकदम जड वाटायला लागला.

साहेब दारातून म्हणाले, "मॅडम, बाहेर या. तज्ज्ञ म्हणून तुमचं स्पष्ट मत सांगायचंय."

"माझं?"

"मग कोणाचं? तुम्ही तज्ज्ञ आहात ना आमच्या!"

मी रुमाल क्रेटशेजारी ठेवून बाहेर आले. पायरीवर उभी राहिले. समोर मोर्चा, कॅमेरे, भाऊ. आणि मी आदल्या दिवशी केळीत बोलले होते तेच, जवळपास त्याच शब्दांत, बोलले: ही रानमांजराची पिल्लं आहेत.

टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा वाजल्या. माझ्या सबंध नोकरीत माझ्या एखाद्या वाक्याला पडलेल्या ह्या एकमेव टाळ्या. भाऊ पुढे येऊन माझा हात हातात घेत म्हणाले, "मी तर कालपासून हेच सांगतोय." साहेबांनी खात्याची भूमिका स्पष्ट केली: खात्याने वाघ कधी म्हटलाच नव्हता, केवळ शक्यता नाकारली नव्हती, आज नाकारत आहोत. सगळ्यांचं समाधान झालं. चहा आला.

मग साहेबांना आठवलं की पिल्लं सोडतानाचे फोटो काढायचेत. मी त्यांना सांगितलं की आता दोनच आहेत. ते अस्वस्थ झाले. वाईट वाटलं असेल असं मला क्षणभर वाटलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "पण मॅडम, सगळीकडे तीन छापून आलंय. गावात कुठे मांजर व्यायलेली असेल ना? एखादं साधं पिल्लू..."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. किती वेळ बघितलं माहीत नाही, पण त्यांनीच नजर काढून घेतली. "गंमत केली हो," ते म्हणाले. "तुम्ही लोक फार सिरियस घेता."

मी म्हटलं, "फोटो काढायला कोणी येणार नाही. मी आणि नाना, दोघंच जाणार. कोणी आलं तर मी बाहेर जाऊन तिसऱ्याचं काय झालं ते सांगेन, दूध कोणी पाजलं तेही." ह्याला धमकी म्हणतात. आयुष्यात मी पहिल्यांदाच दिली आणि ती इतकी सहज चालली की आधी का सुचलं नाही ह्याचंच नवल वाटलं. साहेबांना तातडीने जळगावला जावं लागलं.

रुमालातलं पिल्लू नानांनी विश्रामगृहामागच्या अंजनाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा बुजवून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "मॅडम, चला. उजेड जायच्या आत पोचू."

बाग रिकामी करायचं काम आबांनी केलं. हातात काठी घेऊन ते ओळीओळीतून फिरत होते आणि सापडेल त्याला हाकलत होते. त्यात त्यांचा एक चुलतभाऊही सुटला नाही. वडापाववाला सगळ्यात शेवटी गेला. पानांचा ढीग लोकांनी पार विस्कटला होता. आम्ही वाळकी पानं गोळा करून, साधारण होता तसा, पुन्हा रचला. दोन पिल्लांना मी त्यांच्याच घाणीच्या गोणपाटाने पुसलं, माझ्या हाताचा वास कमी व्हावा म्हणून, आणि ढिगाच्या पोटात क्रेट आडवा करून ठेवला. मग नाना आणि मी बागेच्या टोकाला, मोटरीच्या खोलीच्या भिंतीआड जाऊन बसलो. आबाही आले, काठी मांडीवर घेऊन बसले.  फुटलेल्या नळीतून कुठेतरी पाणी टपकत होतं.

दीड दिवस गेला होता. ती येईल अशी मला फारशी आशा नव्हती. एवढी माणसं, एवढे हॉर्न, भाषणं. कुठलीही शहाणी आई तालुका सोडून गेली असती. सूर्य डोंगराआड गेला, केळीच्या पानांचा हिरवा रंग काळपट व्हायला लागला. ढिगातून बारीक आवाज यायला लागले, भुकेचे. ते आवाज ऐकवत नव्हते.

आधी नानांना दिसली. त्यांनी बोट न दाखवता नुसती हनुवटी हलवली. बांधाच्या पलीकडून, लांब पायांची, मातकट रंगाची, कान ताठ. साध्या मांजरापेक्षा जरा मोठी, इतकीच. दोन पावलं टाकायची आणि थांबायची. एकदा तर ती मागे फिरून दिसेनाशी झाली आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती ढिगापाशी होती.

तिने डोकं आत घातलं आणि एक पिल्लू मानेला धरून बाहेर काढलं. पिल्लू लोंबकळत गप्प झालं. ती बांध ओलांडून नाल्याकडे गेली. आबा पुटपुटले, "नेलं. एक नेलं." बऱ्याच वेळाने ती परत आली, ह्या वेळी न थांबता, सरळ. दुसरं उचललं, गेली.

नाना उठायला लागले. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

ती तिसऱ्यांदा आली. ढिगात डोकं घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. क्रेटच्या दुसऱ्या बाजूने जाऊन बघितलं. पंजाने पानं ओढली. आम्ही इतक्या मेहनतीने रचलेला ढीग तिने थोडा थोडा करून सगळा उपसला. मध्येच ती थांबायची आणि ऐकायची. एक हलकी हाक तिने दोनतीनदा दिली, घशातल्या घशात. मग ती रिकाम्या क्रेटसमोर बसली, आणि अंधारात तिचा आकार आणि केळीचं खोड वेगळं ओळखू येईनासं होईपर्यंत बसूनच होती.

आबा कधी तरी म्हणाले, "ताई, तिले मोजता येतं का हो?"

मी तज्ज्ञ होते. मला सांगता आलं नाही.